खेळून बघा आणि सांगा : रोलप्लेइंग खेळाच्या नव्या आवृत्तीची जाहीर चाचणी



खेळाचे नियम बदलायचे तर कुणाला विचारायचं? क्रिकेटमध्ये हा प्रश्न सोपा आहे, नियमांचं पुस्तक एमसीसीच्या ताब्यात. बुद्धिबळाचं फिडेकडे. गल्लीत तर त्याहून सोपं, ज्याची बॅट त्याचे नियम. 'वन टप्पा आऊट' ठेवायचं की नाही, समोरच्या गच्चीत बॉल गेला तर काय करायचं, हे बॅटवाला ठरवतो आणि बाकीचे कुरकुरत का होईना ऐकतात.

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांचं तसं नाही. ज्यांनी हे खेळ कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण सूत्रधार होतो, तो जग उभं करतो, समोर काय दिसतंय ते सांगतो, आणि पात्रं काय करतात ते बाकीचे सांगतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकायचा. या प्रकारातला आद्य खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, १९७४ साली अमेरिकेत छापलेला, पहिली छपाई फक्त १,००० संचांची. आज तो 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे आहे.

आता गंमत बघा. कंपनी पुस्तक विकते, पण खेळ घडतो लोकांच्या घरात. सूत्रधाराला एखादा नियम पटला नाही तर तो खुशाल गाळतो आणि कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे पुस्तकाचा मालक एक आणि खेळाचे मालक हजारो. अशा खेळाची नवी आवृत्ती काढायची म्हणजे हजारो घरांतली बसलेली घडी विस्कटायची. लोकांनी आधीच्या आवृत्तीवर पैसे खर्च केलेले असतात, त्याहून जास्त म्हणजे वर्षं खर्च केलेली असतात. म्हणून गेल्या काही वर्षांत एक पद्धत रुळली: नवे नियम कच्च्या स्वरूपात आधीच सगळ्यांना फुकट वाटायचे, 'खेळून बघा आणि सांगा' म्हणायचं, आणि मग पुस्तक छापायचं. याला जाहीर प्लेटेस्ट म्हणतात. आज आपण तीच समजून घेणार आहोत. आमचा मुद्दा आधीच सांगून टाकतो. 'खेळून बघा' आणि 'सांगा' ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची गल्लत झाली की काय होतं, त्याचा इतिहास मोठा बोलका आहे.

आधी 'खेळून बघा'कडे येऊ. घरगुती चाचणी तर पहिल्यापासून होतीच, आर्नेसन आणि गायगॅक्स आपापल्या मित्रमंडळींबरोबर खेळूनच नियम घडवत होते. पण अशा चाचणीत एक मोठी खोट असते. नियम लिहिणारा स्वतः टेबलावर बसलेला असतो. कुणी अडलं की तो म्हणतो, "अरे, तिथे असं करायचं." संपलं! ते वाक्य पुस्तकात नाही, पण चाचणी त्या वाक्यावर पास झाली. लेखकाचं तोंड हाच एक न छापलेला नियम असतो. पुस्तक दुकानात जातं तेव्हा तोंड बरोबर जात नाही. म्हणून खरी कसोटी अशी की लेखकाने तिथे नसावं, आणि असलाच तर गप्प बसावं. एखादी आजी शेजारणीला लोणच्याचा मसाला सांगते, 'मीठ अंदाजाने', आणि पुढच्या वर्षी शेजारणीच्या बरणीला बुरशी येते, त्यातलाच हा प्रकार. अंदाज आजीच्या हातात होता, कागदावर उतरलाच नाही.

लांबच्या, अनोळखी टेबलांवर नियम पाठवले की हे अंदाज उघडे पडतात. एकाच वाक्याचे दोन अर्थ निघतात. कागदावर दहा मिनिटांची वाटणारी लढाई दीड तास चालते. कुणी तरी दोन नियम अशा प्रकारे जोडतो की लेखकाला स्वप्नातही सुचलं नसतं. हे 'मत' नव्हे. हे घडलेलं असतं, मोजता येतं, आणि ते सांगायला खेळाडूला तो खेळ आवडायचीही गरज नसते.

आता २००८ सालाकडे जाऊ, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. त्या वर्षी डंजन्स अँड ड्रॅगन्सची चौथी आवृत्ती आली. ती आधीच्या तिसरीपेक्षा फारच वेगळी होती. प्रत्येक पात्राला ठरावीक साच्यातल्या 'पॉवर्स', लढाईत चौकटींच्या नकाशावर भर. खेळ म्हणून ती नेटकी होती असं आमचं मत आहे, पण बऱ्याच जुन्या मंडळींना हा आपला खेळच वाटेना. नेमक्या त्याच वेळी 'पायझो' नावाच्या एका लहान कंपनीने तिसऱ्या आवृत्तीचेच नियम सुधारून 'पाथफाइंडर' नावाने काढायचं ठरवलं. तिसऱ्या आवृत्तीचा गाभा २००० सालीच एका खुल्या परवान्याखाली, म्हणजे ओपन गेम लायसन्सखाली, दिलेला होता, त्यामुळे त्यांना ते करता आलं. आणि त्यांनी काय केलं? मार्च २००८ मध्ये कच्चा मसुदा फुकट डाउनलोडला ठेवला, ऑगस्टमध्ये सुधारलेला दुसरा, आणि लोकांशी वर्षभर वाद घालून, ऐकून, ऑगस्ट २००९ मध्ये पक्कं पुस्तक. त्या वर्षभरात नियम सुधारलेच, पण आणखी एक गोष्ट झाली. ज्यांनी मसुद्यावर भांडण केलं त्यांना पुस्तक आपलं वाटायला लागलं. पुढे काही वर्षं पाथफाइंडर थेट डंजन्स अँड ड्रॅगन्सला टक्कर देत होतं, म्हणजे खेळाच्या मूळ मालकाला त्याच्याच जुन्या नियमांनी घेरलं होतं.

हा धडा विझार्ड्सने घेतला. ९ जानेवारी २०१२ ला त्यांनी पाचव्या आवृत्तीचं काम जाहीर केलं, आणि ते उघडपणे करू असंही सांगितलं. कामाचं नाव 'डी अँड डी नेक्स्ट', पुढारी माइक मर्ल्स, बरोबर जेरेमी क्रॉफर्ड. पहिलं पॅकेट २४ मे २०१२ ला आलं. त्यात पात्रं कशी बनवायची ते नव्हतंच. पाच तयार पात्रं दिली होती आणि गायगॅक्स यांच्याच एका जुन्या साहसातल्या गुहा दिल्या होत्या. सगळ्यांनी तीच पात्रं घेऊन त्याच गुहांत उतरायचं. हे फार शहाणपणाचं होतं. चाचणीत बदलत्या गोष्टी जितक्या कमी, तितकं उत्तर स्वच्छ. सगळ्यांना एकच भांडं आणि एकच चूल दिली की मग स्वयंपाकात फरक कशाने पडला ते कळतं.

त्याच पॅकेटमध्ये एक नियम होता जो आज या खेळाची ओळख बनला आहे, 'अ‍ॅडव्हांटेज'. आधीच्या आवृत्त्यांत परिस्थिती अनुकूल असली की बेरजा कराव्या लागायच्या: उंचावर उभे आहात, अधिक एक, शत्रूला घेरलंय, अधिक दोन, तो आंधळा झालाय, आणखी दोन, वगैरे. दर वारागणिक टेबलावर हिशोबनीस बसल्यासारखं व्हायचं. नव्या नियमात बेरीज नाही. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाका, मोठा आकडा घ्या. प्रतिकूल असेल तर लहान घ्या. झालं!

याचं गणित बघण्यासारखं आहे. ११ किंवा त्याहून मोठा आकडा हवा असेल तर एका फाशावर संधी ५० टक्के. दोन टाकून मोठा घेतला तर ७५. म्हणजे पंचवीस टक्क्यांची उडी. पण २० च हवा असेल तर ५ टक्क्यांचे ९.७५ होतात. आणि २ पुरेसा असेल तर ९५ चे ९९.७५. म्हणजे काम अवघड-सोपं यांच्या मध्यावर असतं तिथे हा नियम सगळ्यात जास्त हात देतो, आणि जे जवळपास अशक्य आहे ते जवळपास अशक्यच ठेवतो. गणिताच्या दृष्टीने देखणा. पण तो टिकला तो त्यामुळे नव्हे. लोकांना दोन फासे टाकायला मजा येते. पहिल्यावर ३ पडला, सगळे 'अरेरे' करतात, दुसऱ्यावर १९! ही गोष्ट कागदावर दिसत नाही, टेबलावर दिसते. जाहीर चाचणीचं सगळ्यात चांगलं फळ कुठलं म्हणाल तर आम्ही हेच दाखवू.

आता त्याच पॅकेटमधला दुसरा नियम. तयार पात्रांत एक बुटका योद्धा होता. त्याच्याकडे एक खुबी होती: वार चुकला तरी शत्रूला थोडी इजा व्हायचीच, त्याच्या ताकदीच्या बोनसाएवढी. समोर अगदी किरकोळ प्राणी असेल तर न लागलेल्या वारानेच तो मरायचा.

यावर जे रण माजलं ते विचारू नका. एका बाजूचं म्हणणं, वार चुकला म्हणजे चुकला. न लागलेली कुऱ्हाड मारते कशी? दुसरी बाजू म्हणे, या खेळात 'हिट पॉइंट' म्हणजे नुसतं रक्त-मांस नव्हे, दमही त्यात आला. एवढी कुऱ्हाड अंगावर येताना चुकवली तरी माणूस दमतोच. शिवाय जादूगाराच्या आगीच्या गोळ्यापासून कुणी उडी मारून वाचला तरी अर्धी इजा होतेच की, तेव्हा कुणी तक्रार करत नाही! तर्काच्या पातळीवर दुसरी बाजू आम्हाला जास्त पटते. पण चर्चा तर्काची नव्हतीच. चुकलेल्या वाराची इजा हे चौथ्या आवृत्तीचं चिन्ह मानलं गेलं होतं, आणि २००८ ची जखम ओली होती. नियम वेगवेगळ्या रूपांत पुढच्या पॅकेटांत राहिला, भांडणही राहिलं, आणि २०१४ च्या छापील पुस्तकात त्या जागी दुसराच नियम आला: दोन्ही हातांनी शस्त्र चालवताना इजेच्या फाशावर १ किंवा २ पडला तर पुन्हा टाका. कुणाला राग येणार नाही असा, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या लक्षातही राहणार नाही असा.

याचा शेवट दहा वर्षांनी झाला. २०२४ च्या नव्या पुस्तकात शस्त्रांना खास गुण दिले आहेत. त्यातला एक 'ग्रेझ' नावाचा, मोठ्या तलवारीचा. त्याचा अर्थ काय? वार चुकला तरी आपल्या बोनसाएवढी इजा. तोच नियम! तोही जाहीर चाचणीतून, सर्वेक्षणातून पास होऊन छापला गेला. नियमाचं गणित तेच, खेळ जवळपास तोच. बदलले ते उत्तर देणारे. मधल्या काळात आलेल्या खेळाडूंना २००८ च्या भांडणाशी काही घेणंदेणं नव्हतं.

तर हे झालं 'सांगा'चं स्वरूप. खेळाडू मत देतो तेव्हा तो नुसता नियम मोजत नसतो, आपला इतिहासही मोजत असतो. ते चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. खेळ लोकांचा आहे, त्यांना काय सहन होतं हे कळायलाच हवं. फक्त 'नियम चालतो का' या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

मतं परस्परविरोधी आली की काय करायचं, हा पुढचा पेच. योद्ध्याचंच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१२ च्या पॅकेटमध्ये त्याला दर फेरीला काही जादा फासे मिळत, ते इजा वाढवायला वापरा किंवा डावपेचाला. काहींना हे फार आवडलं, योद्ध्याला पहिल्यांदा डोकं चालवायला मिळतंय म्हणून. काही म्हणाले, दिवसभर ऑफिसात डोकं चालवून आलोय, इथे नुसतं 'मी मारतो' म्हणायचंय! दोन्ही मागण्या रास्त. शेवटी पुस्तकात योद्ध्याच्या शाखा झाल्या: साधा 'चॅम्पियन', आणि फाशांचे डावपेच खेळणारा 'बॅटल मास्टर'. मधला रस्ता न काढता दोन्ही रस्ते ठेवले. आमच्या मते हा निर्णय योग्य होता, जरी त्याची किंमत अशी की डावपेच सगळ्या योद्ध्यांचे न राहता एका शाखेपुरते उरले.

सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये एक 'सॉर्सरर' आला होता, जन्मजात जादू असलेलं पात्र. त्याच्या रक्तात ड्रॅगन. जादूची ताकद जसजशी खर्च होईल तसतसा त्याच्यातला ड्रॅगन वर यायचा, म्हणजे सुरुवातीला जादूगार आणि दिवस मावळेपर्यंत जवळजवळ योद्धा. कल्पना झकास होती. पुढच्या पॅकेटमधून तो गेला, आणि बरोबर आलेला 'वॉरलॉक'सुद्धा. जाहीर चाचणीत दोघे परत दिसलेच नाहीत. २०१४ च्या पुस्तकात दोघे आहेत, पण तो सॉर्सरर हा नव्हे. आजही जुन्या चाचणीकरांपैकी काही जण त्याची आठवण काढतात. जाहीर चाचणीचा हा एक न बोललेला भाग आहे: जे छापलं गेलं नाही तेही लोकांनी खेळलेलं असतं, आणि त्याचाही लोभ जडतो.

शेवटचं जाहीर पॅकेट सप्टेंबर २०१३ मध्ये आलं, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पुस्तक. त्याच्या श्रेयनामावलीत १,७५,००० पेक्षा जास्त चाहत्यांनी चाचणी केल्याचा उल्लेख आहे. आकडा प्रचंड आहे, पण तो वाचताना जरा थांबा. हे होते कोण? ज्यांना चाचणी चालू असल्याचं कळलं, ज्यांचा कंपू आधीच जमलेला होता, ज्यांना प्रश्नावली भरण्याइतकी आस्था किंवा इतका राग होता. ज्याने उद्या पहिल्यांदा फासा हातात घ्यायचा आहे तो यात नाही, कारण तो अजून खेळाडूच नाही. आणि पुढे पाचव्या आवृत्तीला जे उदंड यश मिळालं त्यात अशाच नवख्यांचा मोठा वाटा होता; २०१५ पासून 'क्रिटिकल रोल'सारखे खेळ थेट दाखवणारे कार्यक्रम बघून आलेले. शिवाय वरच्या पातळ्यांचं काय? पात्र पंधराव्या पातळीला न्यायचं तर नेहमीच्या कंपूला वर्ष-दीड वर्ष लागतं. पॅकेट त्याच्या कितीतरी आधीच बदलत होतं. म्हणजे खेळाचा वरचा मजला बहुतेकांनी वाचूनच तपासला.

पायझोने हीच अडचण २०१८ मध्ये वेगळ्या तऱ्हेने सोडवायचा प्रयत्न केला. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीची चाचणी ऑगस्ट ते डिसेंबर अशी चालली. त्यासाठी त्यांनी 'डूम्सडे डॉन' नावाचं साहसच लिहिलं. सात भाग, प्रत्येक भाग वेगळ्या पातळीचा, आणि प्रत्येक भाग नियमांच्या एकेका अंगाला ताण देण्यासाठी. एका भागात तर शत्रूंच्या लाटांवर लाटा येतात आणि पात्रं टिकणार नाहीत अशीच मांडणी होती. प्रश्न 'आवडलं का' हा नव्हता, 'किती वेळ टिकलात' हा होता. अभियंते पूल बांधण्याआधी तुळई मोडेपर्यंत वजन घालतात, तसं. शास्त्र म्हणून हे उत्तम. पण खेळाडूच्या बाजूने बघा: शनिवारची संध्याकाळ, चार मित्र मुश्किलीने जमलेले, आणि तुमच्या वाट्याला मोडायची तुळई! चाचणी कंटाळवाणी झाली की लोक खेळायचं थांबवतात आणि नुसतं वाचून मत देतात. म्हणजे पुन्हा मूळपदावर.

तरी त्या चाचणीने एक मोठं काम केलं. मसुद्यात 'रेझोनन्स' नावाचे पॉइंट होते. प्रत्येक जादूई वस्तू वापरताना एक खर्ची पडायचा, अगदी औषधाची कुपी पिताना सुद्धा. हेतू चांगला होता, लोकांनी स्वस्त जादूई वस्तूंची पोतीच्या पोती वापरू नयेत. पण टेबलावर काय व्हायचं, पात्र मरायला टेकलंय, मित्राने कुपी तोंडाला लावली, आणि पॉइंट संपलेत म्हणून ती भरवशाने लागू पडत नाही. हा प्रसंग ज्या टेबलावर घडला तिथे मत विचारायची गरजच उरली नसेल. ऑगस्ट २०१९ च्या पुस्तकात रेझोनन्स नाही. दिवसाला अंगावर चालू ठेवायच्या वस्तूंना दहाची मर्यादा, एवढंच त्यातलं उरलं.

विझार्ड्सने मात्र २०२२ मध्ये 'सांगा'वरच जास्त भर दिला. ऑगस्ट २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात आठ पॅकेटं, प्रत्येकानंतर लांबलचक प्रश्नावली. क्रॉफर्ड यांनी व्हिडिओंमधून सांगितलेला हिशोब साधारण असा: समाधान सत्तर टक्क्यांच्या पुढे असेल तर गोष्ट योग्य वाटेवर, ऐंशीच्या पुढे असेल तर फारच छान, आणि साठीच्याही खाली घसरली तर बहुधा सोडून द्यायची.

ही सत्तरची रेषा निरागस वाटते, पण ती तटस्थ नाही. जुन्या नियमाला दहा वर्षांची सवय असते. नव्याला दोन आठवडे. परीक्षा एकच, पण एकाने आधीच अभ्यासक्रम पाठ केलेला. फेब्रुवारी २०२३ च्या पॅकेटमध्ये ड्रुइड पात्राचं प्राण्यात रूप पालटणं बदललं होतं. पूर्वी ड्रुइड पुस्तकातला कुठलाही योग्य प्राणी निवडायचा, त्याचे सगळे आकडे घ्यायचा. नवख्याला ते पाठ करणं म्हणजे शिक्षाच. त्याऐवजी तीन साचे सुचवले: जमिनीवरचा प्राणी, पाण्यातला, आकाशातला. लोकांना आवडलं नाही, साचे गेले. वॉरलॉकची जादू बदलली होती, तीही परत जुन्या वळणावर आली. आता साच्यांची कल्पनाच वाईट होती, की त्या मसुद्यातले आकडे कमजोर होते? 'असमाधानी' या एका खुणेत दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात. वैद्याने नाडी न बघता 'बरं वाटतंय का' एवढंच विचारावं, तसं.

या सगळ्याच्या मध्येच, जानेवारी २०२३ मध्ये, एक विलक्षण प्रकार घडला. तो २००० सालचा खुला परवाना आठवतोय ना? कंपनी तो रद्द करून नवा, कडक परवाना आणणार असल्याचा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमाई असलेल्यांकडून स्वामित्वधन मागितलं होतं. छोट्या प्रकाशकांच्या पोटावरच पाय. बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीने १९ जानेवारीला सौम्य मसुदा काढला, आणि लोकांची मतं मागवली. कशी? त्याच पद्धतीने, प्रश्नावली देऊन! नियमांची चाचणी करता करता कायद्याच्या कागदाचीही प्लेटेस्ट सुरू झाली.

पण लोकांनी प्रश्नावली भरायची सवय याच कंपनीकडून लावून घेतली होती. आठवड्याभरात १५,००० वर उत्तरं आली. ८८ टक्क्यांना नव्या परवान्याखाली काही छापायचं नव्हतं. जुना परवाना रद्द करण्याबद्दल ८९ टक्के असमाधानी. सत्तरची रेषा वगैरे काढायला जागाच उरली नाही. २७ जानेवारीला कंपनीने मुदतीआधीच प्रश्नावली बंद केली, जुना परवाना जसाच्या तसा ठेवला, आणि वर पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली देऊन टाकला. दिलेलं परत घेता येत नाही असा तो परवाना. 'सांगा' म्हटल्यावर लोकांनी सांगितलं, आणि इथे मतच महत्त्वाचं होतं, कारण प्रश्नच 'तुम्हाला हे मान्य आहे का' असा होता. परवाना चालतो का हे बघायला फासा टाकावा लागत नाही.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. त्या गाभ्याचं भाषांतर कुणीही करू शकतं, श्रेय दिलं की झालं. परवानगी मागायला नको. म्हणजे मराठीतही. या व्याख्यानाला आलेल्यांपैकी कुणी ते करायला घेतलं, तर पहिल्याच पानावर 'अ‍ॅडव्हांटेज'ला शब्द शोधावा लागेल. 'फायदा' म्हटलं तर सूत्रधार सहज बोलता बोलता म्हणेल, "अंधार आहे, तुझा फायदाच आहे," आणि खेळाडू दोन फासे उचलेल. तो नियम होता की नुसतं बोलणं? 'सरशी', 'वरचष्मा', की सरळ 'अ‍ॅडव्हांटेज'च ठेवायचं? यावर मतं विचारलीत तर शंभर येतील, आणि मराठी माणसाला शुद्धलेखनासकट सांगता येतील. त्यापेक्षा दोन पानं छापा, खेळ माहीत नसलेल्या पाच जणांना द्या, आणि शेजारी तोंड बंद ठेवून बसा. कुणी कुठल्या शब्दावर अडलं आणि कुणी चुकून दोन फासे उचलले, एवढंच टिपून घ्या.